खोळ शिवण्याआधी कापूस तपासा

दिवाळी सरली की नाशिकची हवा पालटते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले हे शहर. पहाटे गोदाकाठावर धुके उतरते आणि शेजारच्या निफाड तालुक्यात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी एखाद्या वर्षी येतेच. या दिवसांत इंदिरानगरच्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांच्या कठड्यांवर रजया, गाद्या, उशा उन्हात दिसू लागतात. वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत, राजीवनगरकडे, वडाळागावाच्या बाजूला ‘गादी-रजई भरून मिळेल’ अशी हाक ऐकू येते. कुणाच्या घरी मुलीच्या निकाहची तयारी चाललेली असते, कुणाला अम्मींच्या जुन्या रजईचा कापूस पिंजून घ्यायचा असतो, तर कुणाला थंडीत उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी चार रजया करून द्यायच्या असतात.

रजईची एक अडचण अशी, की तिचा खरा माल आत असतो. वरचे साटीन, छापील कापड, काठाची पट्टी हे सगळे डोळ्यांना दिसते. आत भरलेला कापूस मात्र एकदा टाके पडले की कुणाला दिसत नाही. दोन महिने अंगावर घेतल्यावर कळते, की कोपरे रिकामे पडले आहेत, मधोमध गोळे जमले आहेत, पायाकडे नुसती दोन कापडे उरली आहेत. मग घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘कापूसच खराब निघाला.’

कापूस खराब निघतो हे खरेच. पण प्रत्येक दोषाला उपाय नसतो असेही नाही आणि प्रत्येक दोष झाकून चालतो असेही नाही. कोणता दोष हाताने निघतो, कोणता पिंजून निघतो आणि कोणता कशानेच निघत नाही, हे खोळ शिवण्याआधी ओळखता आले तर पैसा वाचतो, ऊब मिळते आणि देण्याघेण्यातला खरेपणाही टिकतो. या लेखात आम्ही त्याचीच माहिती देत आहोत.

आपल्या समाजाचा जुना हुन्नर

महाराष्ट्रात कापूस पिंजण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम समाजातल्या कारागिरांनी केले. खानदेश-नाशिककडे त्यांना पिंजारी म्हणतात, कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे नदाफ हे आडनाव घरोघर भेटते आणि मन्सुरी हे नाव तर देशभर आहे. या नावांतच धंदा दडलेला आहे. अरबी भाषेत ‘नद्दाफ’ म्हणजे कापूस पिंजणारा. ‘हल्लाज’ या शब्दाचाही अर्थ तोच. मन्सुरी हे नाव ज्यांच्याशी जोडले जाते ते सूफी हुसैन बिन मन्सूर अल-हल्लाज यांना बगदादमध्ये इ.स. ९२२ मध्ये देहदंड झाला. त्यांच्या नावातला ‘हल्लाज’ हा शब्द याच धंद्यातला.

जुन्या पिंजाऱ्याच्या खांद्यावर धनुकली असे. लाकडी दांडा आणि त्याला ताणून बांधलेली तात, म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी. कापसाच्या ढिगावर तात धरून तो ती लाकडी ठोकळ्याने छेडायचा. तातेच्या थरथरीने कापसाचा दबलेला गठ्ठा फुटे, तंतू सुटे होत, सरकीचे तुकडे आणि धूळ खाली पडे आणि हलका कापूस वर उडे. पवित्र कुरआनमधील सूरह अल-कारिअहमध्ये कयामतच्या दिवशी पर्वतांची अवस्था सांगताना पिंजलेल्या लोकरीची उपमा आली आहे. घट्ट, जड दिसणारी वस्तू पिंजल्यावर कशी सुटी आणि हलकी होते हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

आज धनुकली जवळजवळ दिसेनाशी झाली. तिच्या जागी मोटारीवर चालणारी यंत्रे आली. दुकानात बसवलेली, नाहीतर टेम्पोवर लादून दारोदार फिरणारी. तासाभरात गादीचा कापूस पिंजून होतो. वेग वाढला, पण एक गोष्ट कमी झाली. धनुकलीवाल्या चाचांच्या हातातून कापसाचा प्रत्येक मूठभर भाग जात असे. यंत्राच्या तोंडात ढीगच्या ढीग जातो. त्यामुळे चांगले-वाईट निवडण्याचे काम आता घरच्यांनाच यंत्राआधी करावे लागते.

ऊब कापसाची नव्हे, हवेची

कापसाचा दोष का नडतो हे समजण्यासाठी रजई ऊब कशी देते ते आधी पाहू. कापूस स्वतः गरम नसतो. त्याच्या तंतूंच्या मधे अडकलेली हवा आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कापूस फुललेला असेल तर हवा भरपूर अडकते. तो दबून गोळा झाला की हवा निघून जाते, वजन तेवढेच राहते आणि ऊब कमी होते. म्हणूनच जड रजई उबदार असतेच असे नाही. दोन किलो नीट पिंजलेला, सारखा पसरलेला कापूस तीन किलो गुठळ्यांपेक्षा जास्त ऊब देतो.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. कापूस हवेतले पाणी शोषतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर पूर्ण कोरड्या एक किलो कापसात सुमारे ८५ ग्रॅम पाणी मुरते. तेवढ्याच पॉलिएस्टर तंतूंत जेमतेम ४ ग्रॅम. कापसाची रजई घामट वाटत नाही त्याचे कारण हेच. पण तिला उन्हे दाखवली नाहीत तर गोळे पडतात त्याचेही कारण हेच. पावसाळ्यात वजन करून घेतलेल्या कापसात थोडे पाणीही विकत येते, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट कापसाच्या जातीची. लांब तंतूचा कापूस सूतगिरणीला हवा असतो. रजईला मात्र आखूड, जाडसर, खरखरीत तंतूचा देशी कापूस चांगला मानतात, कारण तो दाबला तरी पुन्हा उसळतो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आधीच घटत चाललेला देशी कापसाचा पेरा आणखी मागे पडला. त्यामुळे आज बाजारात मिळणारा बहुतेक कापूस मऊ, पण लवकर बसणारा असतो. तो वाईट नाही. त्याला टाके थोडे जवळ घालावे लागतात इतकेच.

हातात घेऊन पाहायच्या पाच गोष्टी

कापूस नवा असो की जुन्या रजईतून काढलेला, तो भरण्याआधी जुन्या चादरीवर उजेडात पसरावा आणि पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, मुठीत दाबणे. मूठभर कापूस घट्ट दाबून सोडावा. चांगला कापूस हळूहळू पुन्हा फुलतो. दाबलेला तसाच राहिला तर तो ओला, जुना किंवा फार आखूड तंतूचा आहे.

दुसरी, ओढून पाहणे. चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी हळू ओढावा. तंतू एकमेकांवरून सरकत सुटले तर ठीक. लगेच तुटून भुगा झाला तर त्यात जीव उरलेला नाही. असा कापूस पिंजला तर धूळच होतो.

तिसरी, रंग आणि ठिपके. पिवळसर झाक जुन्या कापसाला येतेच. तिने बिघडत नाही. तपकिरी ठिपके म्हणजे सरकीची साले आणि वाळलेली पाने. काळसर डाग आणि कुबट वास म्हणजे बुरशी. निळे, लाल, करडे तंतू दिसले तर ते कापडाच्या चिंध्या फाडून पुन्हा केलेले भरण आहे.

चौथी, जाळून पाहणे. चिमटीएवढाच नमुना चिमट्यात धरून, मुलांपासून दूर, पाण्याची वाटी जवळ ठेवून पेटवावा. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि बोटांनी चुरगळणारी मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळते, आक्रसते आणि कडक मणी राहतो. दोन्ही दिसले तर माल मिश्र आहे.

पाचवी, झटकणे. मूठभर कापूस काळ्या कापडावर झटकावा. किती धूळ आणि किती कण पडतात, त्यावरून पिंजल्यावर किती घट येईल याचा अंदाज बांधता येतो.

कोणत्या दोषाला काय करावे

गुठळ्या. सर्वांत जास्त तक्रार यांचीच. घाम, ओल आणि वर्षानुवर्षांचा दाब यांनी तंतू एकमेकांत गुंततात. अशा कापसाला आधी दोन दिवस कडक ऊन द्यावे. इंदिरानगरची गच्ची त्यासाठी पुरेशी आहे. ऊन देताना दर दोन तासांनी तो खालीवर करावा. मग हाताने गुठळ्या फोडून, सुटा झालेला कापूस एका बाजूला आणि घट्ट खडे दुसऱ्या बाजूला काढावेत. सुटा कापूस एकदा पिंजून पुरतो. खडे वेगळे, दोनदा पिंजावे लागतात. दोन्ही एकत्र दिले तर चांगला कापूस गरजेपेक्षा जास्त पिंजला जाऊन तुटतो आणि खडे मात्र तसेच राहतात. सुट्या न झालेल्या गुठळ्या रजईत घालूच नयेत; त्या पुन्हा आपल्याभोवती कापूस ओढून घेतात.

जाड-पातळ थर. पिंजलेला कापूस पसरल्यावर कुठे चार बोटे जाड आणि कुठे कापड दिसेल इतका पातळ, असे होते. यावर वरून आणखी कापूस टाकणे हा उपाय नव्हे. त्याने जाड भाग आणखी जाड होतो. जाड जागेवरचा वरचा पापुद्रा दोन्ही हातांनी अलगद सोलून पातळ जागेवर घालावा. पातळ थराला खिडकीसमोर धरले की उजेडात विरळ जागा स्पष्ट दिसतात. तिथे कापसाचे पुंजके न ठेवता पातळ पापुद्रे ठेवावेत, एक उभा आणि एक आडवा. तंतू एकमेकांत अडकतात आणि सरकत नाहीत.

वेडावाकडा आकार. थर एका बाजूला तोकडा, एका कोपऱ्यात वाढलेला, असे असेल तर वाढलेला भाग कात्रीने कापू नये. कात्रीने कापलेल्या कडेला जोड दिला की तिथे कडक रेघ उठते, किंवा जोड सुटून फट पडते. कापूस नेहमी हाताने फाडावा. फाडलेली कड पिसासारखी विरळ होत जाते. अशा दोन कडा चार बोटे एकमेकांवर चढवून थापटल्या की जोड ओळखू येत नाही. कोपरे मात्र थोडे जास्त भरावेत, कारण रजई उलटताना आणि ओढताना सर्वांत आधी कोपरेच रिकामे होतात.

सरकी आणि पाने. कपाशीच्या वजनात रुई सुमारे एक तृतीयांश, बाकी सरकी. जिनिंगमध्ये सरकी निघते, पण फुटलेली साले राहून जातात. ती टोचतात आणि त्यांतले तेल उतरून कापडावर पिवळे डाग पडतात. पांढऱ्या किंवा फिकट खोळीत असा कापूस भरायचा असेल तर साले वेचणे भाग आहे. काम कंटाळवाणे आहे. दुपारी दोघी-तिघी बसल्या तर बोलता बोलता होते. गडद खोळीत आणि आत मांजरपाटाचे अस्तर असेल तर थोडे ठिपके चालून जातात.

ओल आणि वास. नुसता बंद कपाटाचा वास असेल तर तीन-चार दिवसांच्या उन्हाने जातो. काळी बुरशी पडलेली असेल तर तेवढा भाग आजूबाजूच्या वीतभर कापसासह काढून टाकावा. बुरशीने तंतू कमजोर होतात आणि ऊन दाखवले तरी तो भाग पुन्हा चांगला होत नाही. घरात दमा असलेले कुणी असेल किंवा रजई लहान बाळासाठी असेल तर असा कापूस अजिबात वापरू नये. पावसात छतातून गळलेल्या पाण्याने भिजलेली गादी दिसायला वाळली तरी आतून उघडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

भरणी आणि टाके

कापूस नीट केला तरी भरताना तो बिघडू शकतो. जुनी पद्धत अशी, की खोळ तीन बाजूंनी शिवून उलटी अंथरायची. तिच्यावर कापसाचा थर खोळीच्या मापापेक्षा किंचित आत ठेवून पसरायचा, काठीने हलके थापटायचा. मग बंद बाजूकडून खोळ आणि कापूस मिळून चटईसारखे गुंडाळत उघड्या बाजूकडे आणायचे आणि तोंड उलटून गुंडाळी सोडवायची. खोळ सुलट होते आणि कापूस पसरलेला तसाच आत जातो. हाताने मुठी मुठी आत कोंबले तर कितीही चांगला कापूस असला तरी गोळेच होतात.

टाके मधल्या भागापासून सुरू करून कडांकडे न्यावेत. कडेपासून सुरू केले तर कापूस मधे ढकलला जातो. सुट्या कापसाला धरून ठेवणारे दुसरे काही नसते, टाकेच त्याला जागेवर ठेवतात. म्हणून दोन ओळींतले अंतर चार ते सहा बोटे असावे. मऊ, आखूड कापूस असेल तर चारच. दोरा इतका ओढू नये की टाक्यापाशी खळगा पडेल. तिथे ऊब राहत नाही. अस्तर विणीने घट्ट घ्यावे. विरळ कापडातून तंतू बाहेर येतात आणि रजईला जणू लव फुटते.

साधारण एकेरी रजईला दीड ते अडीच किलो कापूस पुरतो. जुना कापूस कमी पडला तर त्यात नवा मिसळता येतो, पण दोन्ही वेगवेगळे पिंजून मग एकाआड एक पापुद्रे अंथरावेत. जुना मधे आणि नवा वर-खाली ठेवला तर हाताला मऊ लागते आणि जुना वायाही जात नाही.

फायबरची शीट असेल तर

आता पुष्कळ घरांत कापसाऐवजी पॉलिएस्टर फायबरची तयार शीट वापरतात. हलकी, धुता येणारी, मुलांच्या रजयांना सोयीची. तिचे दोष वेगळे आणि उपायही वेगळे. घडीचे वळ पडले असतील तर शीट रात्रभर पलंगावर पसरून ठेवावी. बहुतेक वळ आपोआप बसतात. राहिले तर त्यावर हलके पाणी शिंपडून पंख्याखाली वाळवावी. इस्त्री मात्र फिरवू नये. तंतू वितळून तिथे कडक चकती होते.

शीट तोकडी पडली तर जोडताना कापसासारख्या कडा एकमेकांवर चढवू नयेत, कारण उंचवटा राहतो. दोन्ही कडा सरळ कापून एकमेकींना भिडवाव्यात आणि सैल तिरक्या टाक्यांनी सांधाव्यात. एका जागी जाड असलेली शीट कडेने बोट घालून पापुद्र्यासारखी सोलता येते. हाताने ओढताच जागोजाग विरळ होणारी किंवा फाटणारी शीट मात्र परत करावी. ती एका धुण्यातच गोळा होते.

जे सुधारत नाही त्याचे काय

भुगा झालेला, बुरशीचा, फार धूळ असलेला कापूस रजईत परत जाऊ नये. पण सगळेच फेकायचीही गरज नाही. धड असलेल्या पण बसलेल्या कापसाची जाड चटईवजा गादी होते, तक्के भरता येतात, स्वयंपाकघरात बसायची आसने होतात. चिंध्यांचे भरण खालच्या गादीत चालते, अंगावरच्या रजईत नाही.

कापूस नसेल तरी ऊब अडत नाही. आपल्या मराठी मुलखातली गोधडी जुन्या साड्या, ओढण्या, धोतरे यांच्या थरांवर धावदोरा घालून होते. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड आणि बेळगावच्या खानापूर भागात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. या समाजात मुस्लिम, ख्रिस्ती आणि हिंदू अशी तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत आणि कवंदी तिन्ही घरांत होते. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून सुरू करून आत गोल गोल लावत जातात आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेली कापडी फुले बसवतात. ज्या घरात कापूस विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या घरातही मुले उबेत झोपत आली, ती अशा हातांमुळे.

साध्या अंथरुणाचे आपल्याला वावडे असण्याचे कारण नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे अंथरूण चामड्याचे होते आणि त्यात खजुरीच्या झाडाचा काथ्या भरलेला होता, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत नोंदले आहे. निकाहच्या सामानात सहा रजयांचा हट्ट धरून आत चिंध्या भरण्यापेक्षा चांगल्या कापसाच्या दोनच रजया दिल्या तर मुलगी त्या अनेक वर्षे वापरेल.

सौदा, वजन आणि कारागिराची छाती

कापूस पिंजायला देताना सर्वांत मोठा संशय वजनाचा असतो. त्यावर सोपा मार्ग आहे. देण्याआधी वजन करावे आणि ते दोघांनी पाहावे. पिंजून झाल्यावर चांगला कापूस आणि खाली पडलेला कचरा, दोन्हींचे वजन करावे. बेरीज साधारण जुळली पाहिजे. थोडी धूळ उडून जाते एवढाच फरक. कचरा आपल्यालाच द्यायला सांगितले की वाद उरत नाही. काम शक्यतो समोर करून घ्यावे. नवा कापूस घेतला तर त्यात काय आहे हे पावतीवर लिहून घ्यावे, निव्वळ कापूस की मिश्र. माल सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूने आहे आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

इस्लामी व्यवहारशास्त्रात यासाठी ‘खियार-ए-ऐब’ हा नियम आहे. वस्तूतला दोष विकणाऱ्याने सांगितला नसेल आणि तो नंतर उघड झाला, तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क राहतो. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आत ओल सापडल्यावर प्रेषितांनी (स.) विकणाऱ्याला विचारणा केली आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे खडसावले. फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. कापसाच्या ढिगालाही हाच न्याय लागू आहे. चिंध्यांचे भरण विकणे गुन्हा नव्हे; ते कापूस म्हणून विकणे हा गुन्हा आहे. दोष सांगून, किंमत कमी करून विकले तर घेणाराही समाधानी राहतो आणि विकणाऱ्याच्या कमाईत बरकत येते.

या व्यवहारात एक बाजू आपण विसरतो. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने ‘बायसिनोसिस’ नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची जुनी ओळख. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांच्या यादीत त्याचे नाव आहे. गिरणीच्या कामगाराला निदान कागदावर संरक्षण आहे; दारोदार फिरणाऱ्या पिंजाऱ्याला ते कुठून मिळणार? म्हणून आपल्या दारी काम करणाऱ्याला बंद पार्किंगमध्ये न बसवता मोकळ्या हवेत जागा द्यावी, तोंडाला बांधायला स्वच्छ कापड द्यावे, पाणी विचारावे. फार धुळीचा, सडका कापूस ‘चालेल तेवढा पिंज’ म्हणून त्याच्या पुढ्यात टाकू नये. मजुरीत दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करताना त्याच्या नाकातोंडात जाणारी धूळ नजरेसमोर ठेवावी. घरात काम करणाऱ्या भगिनींनीही जुनी रजई उसवताना ओढणी नाका-तोंडावर बांधावी आणि लहान मुलांना लांब ठेवावे.

द्यायची रजई

थंडीत रजया वाटण्याचे चांगले काम अनेक घरे आणि मंडळे करतात. अल्लाह ते कबूल करो. पण वाटपासाठी रजया करून घेताना पुष्कळदा पहिला प्रश्न ‘सर्वांत स्वस्त कोणती पडेल?’ हा असतो, आणि आत काय भरले आहे हे कुणी पाहत नाही. पन्नास रजयांचा फोटो चांगला येतो. गोदाघाटावर किंवा एखाद्या पुलाखाली ज्याने ती अंगावर घेतली, त्याला मात्र पहाटे तीन वाजता कळते की कापूस पायाशी गोळा झाला आहे. तक्रार करायला त्याच्याकडे ना पावती असते, ना दुकानाचे नाव.

सूरह अल-बकरामध्ये ईमानधारकांना दानाबद्दल जी ताकीद आहे तिचा आशय असा, की आपल्याला कुणी दिली तर आपण डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही अशी निकृष्ट वस्तू निवडून दान करू नका. रजईच्या बाबतीत ही कसोटी लावणे फार सोपे आहे. वाटपाच्या ढिगातली एक रजई घरी आणून एक रात्र स्वतः पांघरावी. झोप लागली तर बाकीच्या खुशाल द्याव्यात. थंडी वाजली तर पन्नासऐवजी तीस कराव्यात, पण कापूस नीट भरून घ्यावा.

घरातली जुनी रजई द्यायची असेल तरीही तेच. ती उसवून पाहावी, ऊन द्यावे, गोळे काढावेत, दोन ओळी टाके जास्त घालावेत, खोळ धुवावी. एवढे होत नसेल तर ती तिच्या स्थितीसह सांगून द्यावी, ‘ही अंथरायला चांगली आहे, पांघरायला नाही.’ घेणाऱ्याचा मान राहतो आणि वस्तूही योग्य कामाला येते.

कापूस निवडणे, ऊन देणे, पापुद्रे लावणे यात एका रजईमागे दोन-तीन दिवस जातात, हे आम्हाला माहीत आहे. नोकरी, मुलांच्या शाळा, घरकाम यांतून ते काढणे सोपे नाही. पण रजई वर्षादीड वर्षाची वस्तू नव्हे. नीट भरलेली रजई दरवर्षी उन्हे दाखवत राहिले आणि काही वर्षांनी कापूस पिंजून घेतला, तर आईकडून मुलीकडे जाते. या हिवाळ्यात खोळीची शेवटची बाजू शिवण्याआधी एकदा हात आत घालून कापूस चाचपून पाहा. चारही कोपऱ्यांत तो सारखा लागला, तर बिस्मिल्लाह म्हणून शेवटची शिवण घाला.